उंबरावरचं जाळं

अडाण नदीच्या एका वळणावर खोल डोह होता आणि त्याची राखण सोजरबाईच्या घराकडे होती. काळ्या खडकापासून उंबराच्या मुळापर्यंत कुणी जाळं टाकायचं नाही, असं काठावरच्या भोयांनी फार पूर्वी ठरवलेलं. उन्हाळ्यात नदी तुटली की मासे या डोहात दडत. पूर आला की त्यांची पिल्लं खालच्या पाण्यात पसरत आणि सगळ्यांच्या चुली पेटत. हद्द मोडणाऱ्याचं जाळं राखणदाराच्या घरची बाई उंबरावर टांगी. पुराचं पाणी खडकाला लागेपर्यंत ते उतरवायचं नाही. शेंदूर फासलेला एक दगडही तिथं होता, पण त्यानं कधी कुणाला अडवलं नव्हतं. अडवत ते एकमेकांचे डोळे.

एकोणीसशे वीसचा पावसाळा कोरडा गेला. पुढच्या वैशाखात डोह इतका खाली गेला की मरळींच्या पाठी वरून दिसू लागल्या. एका सकाळी सोजरबाई घागर घेऊन उतरली, तर गुडघाभर पाण्यात तिचा नवरा इंद्रभान उभा. हातात जाळं, जाळ्यात तडफडणारी मरळ. ते जाळं तिनंच हिवाळाभर बसून विणलं होतं.

काठावर माणसं जमली होती. प्रत्येकाच्या खांद्यावर जाळं.

"पानी आटून राह्यलं, सोजर," इंद्रभान म्हणाला. "उद्या हे कावळे खातीन. आपन खाल्ले त काय बिघडलं?"

"आजवर कवा पुरा आटला हा डोह?"

"आवंदा आटन."

"वयनी, काय ते लवकर सांगा," शेजारचा रामराव म्हणाला. त्याचा एक पाय खडकाच्या हद्दीत आला होता. "राखनदारच पान्यात उतरला. आमी काय काठावर भजन करावं?"

कुणीतरी हसलं. रंगूबाई हसली नाही. मागच्या उन्हाळ्यात तिच्या घरचं जाळं उंबरावर गेलं होतं.

"माह्या मालकाचं जाळं टांगलं तवा तुहा हात थरथरला नोयता," ती म्हणाली. "आज पाह्यतो."

घरातली ज्वारी तळाला लागली होती. खालच्या डबक्यांतल्या झिंग्यांवर दिवस निघत होते, आणि तेही याच जाळ्यानं. टांगलं तर पुरापर्यंत घरात मासा नाही. नाही टांगलं तर दुपारपर्यंत डोहात मासा नाही.

तिनं घागर ठेवली आणि पाण्यात शिरली.

"द्या इकडं."

"लोकायपुढं?"

"लोकायपुढंच."

"अन् खाशीन काय?"

"सडकेवर गिट्टी फोडाले जाईन. द्या."

त्यानं जाळं सोडलं नाही. तिनंही ओढलं नाही. नुसती धरून उभी राहिली. मरळीची धडपड मंदावत चालली होती. शेवटी इंद्रभानची बोटं सुटली. तिनं मासा पाण्यात मोकळा केला. तो क्षणभर आडवा तरंगला, मग शेपटी हलवून खोल गेला.

जाळं फांदीला बांधून ती वळली, तेव्हा रामरावचा पाय हद्दीबाहेर होता. माणसं पांगली. इंद्रभान मात्र तिथंच बसून राहिला. घरी आल्यावरही कित्येक दिवस तिच्याशी बोलला नाही.

डोह आटला नाही. चिखलानं वेढलेलं का होईना, पाणी राहिलं. आषाढात पूर खडकाला लागला आणि इंद्रभाननं जाळं उतरवलं. उन्हानं त्याची एक बाजू पार विरली होती. गिट्टीनं फुटलेल्या बोटांनी सोजरबाई दारात ते सांधायला बसली. गाठ बसेना.

रंगूबाई सुताची गुंडी घेऊन आली आणि जाळ्याचं दुसरं टोक तिनं मांडीवर ओढलं.

"सरक तिकडं. बोटं पाह्य कशी झाली! असं त दिवाळी येईन तुही."