मधल्या स्पीकरची वायर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच — गोष्ट तिच्या वडिलांची आहे. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही त्यांना ओळखत नाही. हाही भित्रेपणाच, नाही का?

आधी मामांबद्दल सांगू द्या. मामा म्हणजे माझे सासरे. एसटीत कंडक्टर होते, आता नायगावला असतात. लातूरची पक्की नोकरी सोडून नांदेडला रेकॉर्डिंग स्टुडिओ टाकतो म्हणालो, तेव्हा घरच्यांनी मला वेड्यात काढलं. मामा एकटे म्हणाले, करू द्या त्यांना. आणि नुसतं म्हणाले नाहीत. स्टुडिओतलं पहिलं रेकॉर्डिंग त्यांचंच, त्यांच्या आवाजातली बुद्धवंदना. नायगावच्या विहारात ते कितीतरी वर्षं समोर बसून वंदना सांगायचे, मागून सगळे म्हणायचे. एखाद्या बाईचा शब्द घसरला तरी ते थांबून तोच शब्द पुन्हा म्हणायचे. भरल्या गाडीत मागून कोण चढलं हे न वळता ओळखणारा माणूस तो. नीट ऐकायचं कसं, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो.

आता माझं.

स्टुडिओत नवा इंटरफेस आला आणि जुना मी घरी हॉलमध्ये लावला. इंटरफेस म्हणजे कॉम्प्युटरमधला आवाज वेगवेगळ्या स्पीकरांना वाटून देणारा डबा. समोर तीन स्पीकर, मागे दोन, कोपऱ्यात वूफर — थिएटरसारखा आवाज घरात. यात माणसांचं बोलणं येतं ते समोरच्या मधल्या स्पीकरमधून. आणि मी मधल्या स्पीकरची नि वूफरची वायर नेमकी उलटी खोचली. वूफरला फक्त घुमता येतं. हाणामारी दणक्यात, आणि बोलणं गोधडीखालून.

मला कसं कळलं नाही? गाणी लावून तपासलं होतं. गाणी पुढच्या दोन स्पीकरांवरच वाजतात, ती छान वाजली. मामा आले म्हणून मराठी सिनेमा लावला, त्यालाही खाली इंग्रजी अक्षरं होती. आम्ही वाचत होतो. ऐकत होते ते फक्त मामा. खरं सांगायचं तर, बोलणं मलाही दबलेलं वाटलं होतं. पण स्टुडिओवाल्याच्या घरात आवाज चुकेल कसा?

मामा म्हणाले, “जावईबापू, बोलणं लई दबून येऊन राहिलंय.”

मी सगळ्यांसमोर हसत म्हणालो, “मामा, आता कान तपासून घ्या.”

सगळे हसले. मामाही हसले.

पुढे बायकोनं सांगितलं, बाबांनी विहारात समोर बसणं सोडलं. कुणी विचारलं तर म्हणतात, माझे कान गेले, मागं कोण चुकलं ते मला कळायचं न्हाई. डॉक्टरकडे ते गेलेच नाहीत. आवाजातलं जावयाला कळतं, मग डॉक्टर कशाला?

एका रविवारी घरी एकटाच होतो. सहज, एकेका स्पीकरचं नाव घेणारी टेस्ट लावली. ‘सेंटर’ म्हणणारा आवाज कोपऱ्यातल्या वूफरमधून आला. मी डब्यामागे वाकलो. दोन वायरी काढल्या, बदलून लावल्या. तेवढंच काम होतं. तेव्हाच नायगावला फोन करायला हवा होता — नाही केला. का? लाज वाटली, दुसरं काही नाही.

मामा पुन्हा आले. सिनेमा लावला आणि ते सरसावून बसले. म्हणाले, “आता झ्याक ऐकू येतंय. काय केलंत?”

आणि मी म्हणालो — “तुमच्या कानांसाठी वेगळी सेटिंग केली, मामा.”

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. नंतर गावभर सांगत फिरले, जावयानं माझ्यासाठी मशीन बसवली. कान गेले ते गेलेच, पण जावयाच्या घरी ऐकू येतं. आणि विहारातली जागा त्यांनी परत घेतली नाही.

त्या माणसामुळे माझा स्टुडिओ उभा आहे. आजही सकाळी त्यांची ती वंदना लावूनच मी कामाला बसतो, आणि रोज मनातून त्यांचे आभार मानतो. रोज. मनातूनच.

गेल्या पौर्णिमेला विहारात मी त्यांच्याशेजारी, शेवटच्या रांगेत बसलो होतो. पुढे कुठेतरी एका बाईचा शब्द घसरला. मामांनी तोच शब्द हळूच पुन्हा म्हटला. मी बघतोय हे लक्षात आल्यावर कानाकडे बोट करून म्हणाले, “पाठ हाय म्हणून जमतं. ह्याचं काय खरं न्हाई.”

मी मान डोलावली. पण पाठ असून दुसऱ्याची चूक कळत नाही. ती ऐकावी लागते.

मामांचे कान चांगले आहेत. तेव्हाही चांगले होते.