आधी ठिपका, मग पाना

आमच्या ह्यांना कशाकशाची भीती वाटते ते विचारू नका. कशाची वाटत नाही ते विचारा, यादी लहान होईल. लिफ्टची वाटते. कुत्र्याची वाटते, तेही साखळीला बांधलेल्या. बल्ब बदलायला शिडीच्या तिसऱ्या पायरीवर चढले की खाली शिडी धरायला मी, आणि वरून सारखं चाललेलं, "धरलीयस ना? सोडू नकोस हं." गाडी चाळीसच्या वर नेत नाहीत. आमच्या रस्त्यावर त्यांना सगळे 'सावकाश मिस्त्री' म्हणतात, आणि त्यांना त्याचा राग सोडाच, उलट बरं वाटतं.

असा माणूस धंदा करतो कसला, तर पळणाऱ्या गाड्यांचा! साध्या गाडीचं इंजिन वाढवायचं, मागची सीटं काढून टाकायची, आणि सुट्टीच्या दिवशी ती ट्रॅकवर पिदडायची, अशी हौस असलेली माणसं कुठून कुठून आमच्या गॅरेजात येतात. का येतात? हे घाबरट आहेत म्हणून. दुसरा मिस्त्री बोल्ट एकदा आवळतो, हे तीनदा हात लावून बघतात. ठरलेला जोर लागला की 'कट्' असा आवाज करणारा एक पाना आहे, तो वाजला की बोल्टच्या डोक्यावर पिवळ्या रंगाचा एक ठिपका देतात. ठिपका दिला म्हणजे आवळला, विषय संपला. सव्वीस वर्षं मी काउंटरवर बसून हे बघतेय. मी म्हणायची, "अहो, माझ्याही डोक्यावर एक द्या. माझा एक स्क्रू ढिला आहे असं तुमची बहीण सांगत फिरते."

लेक मात्र माझ्यावर गेली. भीती म्हणून तिला माहीत नाही. आठवडाभर दवाखान्यात एक्स-रे काढते आणि रविवारी आपली जुनी लाल गाडी घेऊन ट्रॅकवर. एके दिवशी चहा घेता घेता म्हणाली, "बाबा, पॉवर स्टिअरिंग काढून टाकायचं."

ह्यांनी कपच खाली ठेवला. "कशाला?"

"चाकाखाली काय चाललंय ते हाताला कळतच नाही. शिवाय त्याचा पंप इंजिनची ताकद खातो. आणि मागच्या वेळी त्याचं तेल उकळून पाइप फुटला, एवढा धूर झाला, विसरलात?"

"विसरतोय कसला! पण बाळा, ते काढलं की स्टिअरिंग जड होतं. चाक कुठे आदळलं तर स्टिअरिंग उलटं फिरतं, अंगठा मोडतो."

"अंगठा बाहेर ठेवीन."

"गाडी वळवून लावताना रडशील."

"रडले तर तुमच्याकडे येणार नाही."

हे माझ्याकडे बघायला लागले. मी नको म्हणेन अशी आशा असावी. मी काय म्हणाले? "द्या काढून. तुमच्या भीतीपायी पोरीने काय बैलगाडी हाकायची का?" असं मीच म्हणाले. लिहायला हात धजत नाही, पण म्हणाले.

चार दिवस काम चाललं. पंप निघाला, पट्टा निघाला, तेलाची टाकी आणि सगळे पाइप निघाले. मग चाकं वळवणारी रॅक खाली उतरवून उघडली. तिच्या आत एक बारीक, पीळ खाणारी दांडी असते. पंप नसला की ती नुसती ढिलाई देते, म्हणून ती वेल्डिंग करून घट्ट केली, ग्रीस भरलं, भोकं बंद केली आणि रॅक परत चढवली. शेवटी राहिला तो सांधा, पेडलच्या वर, वाकून आत हात घातला तर लागतो असा. स्टिअरिंगची दांडी तिथे रॅकला जोडते. एका बोल्टवर. तो निसटला तर हातातलं चाक आणि रस्त्यावरची चाकं, यांचा एकमेकांशी काही संबंध उरत नाही.

त्या चौथ्या दिवशीचं सांगते. पिवळ्या रंगाची बाटली सुकत आली होती. मी नवीन आणली होती, पण जुनी अर्धवट टाकलेली मला खपत नाही. मी ओरडले, "अहो, आधी ती बाटली संपवा, दगड होतोय रंगाचा!" ह्यांनी ऐकलं. माझं ऐकतात, हा एक दोषच आहे त्यांच्यात. रंग वाळायच्या आत सगळ्या बोल्टांना एका दमात ठिपके देऊन टाकले आणि मग एकेक आवळायला घेतला. तेवढ्यात एका गिऱ्हाइकाचा फोन, गाडी अजून का नाही झाली म्हणून तापलेलं. मी पुन्हा हाक मारली. अर्धा तास त्याची समजूत काढण्यात गेला. परत गेले, वाकून बघितलं, सगळीकडे ठिपके. हत्यारं गोळा केली, हात धुतले.

रविवारी सकाळी लेक गाडी ट्रेलरवर चढवून गेली. साडेनऊला आम्ही स्वयंपाकघरात खात बसलो होतो. ह्यांच्या तोंडात घास होता आणि तोंड हलायचं थांबलं. मला वाटलं, ठसका लागला.

"मी रंग आधी लावला," म्हणाले.

"कसला रंग?"

"स्टिअरिंगच्या सांध्याला. पाना वाजलेला आठवत नाही मला. त्याच्या आधीच्यांचा आठवतो. त्याचा नाही."

मी ताटावरून उठले. तिला फोन लावला, बंद. ट्रॅकवर गाडीत फोन नेऊ देत नाहीत. ट्रॅकवाल्यांना लावला, वाजून वाजून कट झाला. हे तोवर चपला घेऊन दारात उभे, एक पायात, एक हातात.

गॅरेजची व्हॅन मी चालवली, हत्यारं मागे होतीच. ह्यांच्या हातात किल्ली दिलीच नाही. वाटेत मी शिव्या घातल्या, फोन करणाऱ्याला, रंगवाल्याला, ह्यांनाही. "तीनदा बघता ना? मग ह्याच वेळी काय झोपला होता?"  हे उजवी मूठ पुन्हा पुन्हा पाना फिरवल्यासारखी हलवत होते. हाताला काही आठवतंय का बघत होते. ऐंशीच्या पुढे काटा गेला तेव्हा म्हणाले, "आणखी पळव." सव्वीस वर्षांत हे पहिल्यांदा. ते ऐकून मात्र माझी पाचावर धारण बसली.

फाटकावरच्या माणसाने पास मागितला. मी म्हटलं, "माझी पोर आत आहे आणि तिच्या स्टिअरिंगचा बोल्ट ढिला आहे! पास कसला मागतोस मेल्या, गाड्या थांबव!" त्याने माझं तोंड बघितलं आणि वॉकीटॉकी तोंडाला लावला. लाल झेंडे वर गेले. लांबवर लाल गाडी दिसली, आणि तिचा वेग कमी झाला. मी म्हटलं, "सुटलो! हळू झाली."

"हळू झाली की चाक जास्त जड होतं," हे ट्रॅकच्या कडेच्या जाळीला धरून म्हणाले. "पंप नाही ना आता. सगळा जोर त्या सांध्यावर येतोय. शेवटचं वळण आहे अजून."

त्या वळणाला किती वेळ लागला असेल? सात-आठ सेकंद.  गाडी वळली, थोडी बाहेर गेली, परत आत आली, आणि आमच्यासमोर येऊन थांबली.

हे गुडघ्यांवर बसून दारातून आत शिरले. पाना घेतलाच नाही. बोटांनीच बोल्ट फिरला. दांडी सांध्यातून निम्मी वर सरकली होती. ते बाहेर आले तेव्हा बोल्ट तळहातावर होता, आणि भोवती पाच-सात जण जमले होते, त्यातले तिघे आमचेच गिऱ्हाईक.

"काय झालं बाबा?" लेकीने हेल्मेट काढलं.

सहज आलो होतो, जरा बघितलं, असं म्हणता आलं असतं. त्या माणसाला लोकांत बोलायचीही भीती वाटते. पण चांगलं मोठ्याने म्हणाले, "मी हा आवळलाच नव्हता. आवळायच्या आधी ठिपका दिला. चूक माझी आहे."

"मी हाक मारली म्हणून," मी म्हटलं. "बाटलीही माझीच."

लेक बोल्टकडे बघत राहिली. तिच्या ओठांचा रंग गेला होता. "मला कळलं होतं," ती म्हणाली. "दुसऱ्या फेरीत चाक जरा पोकळ फिरल्यासारखं वाटलं. मी बाजूला थांबले, वाकून टॉर्च मारला. ठिपका होता, बाबा. म्हटलं, बाबांनी आवळलाय. पॉवर काढलं की असंच लागत असेल. आणि परत गेले."

हे तिथेच जमिनीवर बसले. रडले नाहीत. तळव्याने तोंड पुसत राहिले, आणि तोंडभर ग्रीस झालं.

मग उठले. दांडी नीट खाली बसवली, नवा बोल्ट घातला, पाना वाजवला. तेवढ्यावर थांबले नाहीत. दीड तास गाडीखाली होते. समोरचा एकूण एक बोल्ट तपासला, आणि प्रत्येक वेळी लेकीला म्हणाले, "आता तू धर पाना. तू वाजव." रंगाचं नाव काढलं नाही.

दुपारी पुन्हा गाड्या सोडायला लागले. लेक हेल्मेट हातात घेऊन उभी. आजवर तिने कुणाला विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं, "जाऊ?"

हे म्हणाले, "जा."

आणि मी "नको!" म्हणून एवढ्याने ओरडले की फाटकावरचा माणूस वळून बघायला लागला. माझे पाय लटपटत होते. आयुष्यभर ह्यांना हसत आले मी, आणि पाय लटपटतात म्हणजे काय होतं ते मला तोवर माहीतच नव्हतं.

लेकीने माझ्याकडे बघितलं, ह्यांच्याकडे बघितलं, आणि गेली. माझ्याने बघवेना. मी जाळीला पाठ लावून खाली बसले, डोळे घट्ट मिटून. हे शेजारी उभे राहून ट्रॅककडे बघत होते. गाडी समोरून गेली की माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगायचे, "आली." पुन्हा एवढा वेळ काहीच नाही. मग, "आली." मी मोजत होते. नऊ वेळा म्हणाले.