मामूंची डबल बेल

मामूंना अटक होताना पाहणं ही आमच्या गावातली एक करमणूक होती. पोलिसांची गाडी दिसली की मोर्चातले बाकीचे घोषणांचा आवाज चढवत. मामू मात्र गाडीच्या दाराशी उभे राहून माणसं चढवत. "पुढं सरका, मागं जागा हाय. आजी, खिडकीपाशी बसा. जमादार, तुमची काठी आडवी येऊन राह्यली." सारी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून गेलेली. सगळे बसले की ते प्रत्येकाला मोठ्यानं नाव सांगायला लावत, मोजत, आणि पत्र्यावर दोन टोले देत. पोलिसांचा ड्रायव्हरही सवयीनं गाडी सोडायचा.

ठाण्यातून सुटताना पुन्हा मोजणी. "चढले तेवढे उतरले पाह्यजेत," एवढंच त्यांचं राज्यशास्त्र. आम्ही हसायचो. एकदा सलीम टेलर कमी भरला. मामू ठाण्याच्या पायरीवर बसले. "गाडी हलणार न्हाई." बऱ्याच वेळानं सलीम मागच्या खोलीतून आला, गाल सुजलेला. त्यानंतर मोजणीला कुणी हसलं नाही.

गावची निवडणूक रखडली होती आणि खुर्चीत प्रशासक होता. निवडणूक घ्या म्हणून मामूंनी इतके मोर्चे काढले, की शेवटी जालना जिल्ह्यातून तडीपारीचा हुकूम आला. त्यात त्यांना 'समाजास घातक इसम' म्हटलं होतं. ते वाक्य त्यांनी मला दोनदा वाचायला लावलं.

"मास्तर, नोकरीत साधं प्रमोशन न्हाई भेटलं. इथं एकदम घातक!"

शहागडच्या पुलापलीकडं, जिल्ह्याच्या हद्दीबाहेर, बहिणीच्या गावी आम्ही त्यांना पोचवलं. "डेपो बदलला म्हणायचं," ते म्हणाले. मग पुलाकडं बघत हळूच, "पण सोमवारच्या मोर्चात मोजील कोण?"

सोमवारी गाडी आली. आम्ही चढलो. दाराशी मामूंची जागा रिकामी. मग सलीमनं घसा खाकरला.

"पुढं सरका. मागं जागा हाय."

त्यानं नावं वदवून घेतली, मोजलं, पत्र्यावर दोन टोले दिले. ड्रायव्हरनं गिअर टाकला.

संध्याकाळी सुटताना त्यानं ठाण्याच्या दारातच पुन्हा मोजलं आणि स्पीकरवर फोन लावला. "मामू, बराबर हाय. सगळे उतरले."

पलीकडून बहिणीच्या घरातल्या कुठल्याशा ताटावर चमच्याचे दोन टोले ऐकू आले.

दारातला जमादार मुकाट्यानं बाजूला झाला.