जूनमधलं गवत

सिल्वी हौतालाने अकरा वर्षं, दर जूनमध्ये, एकच शब्द लिहिला. गवत.

तक्ता खाणीचा होता. रकाने ठरलेले. तारीख, वेळ, पाण्याचं तापमान, बाटलीचा नंबर आणि शेवटी ‘पाण्यातील वनस्पती, दिसतील तशा’. खाणीच्या गाळाचं धरण संपतं तिथून एक ओढा निघतो आणि लिटल हेरॉन तलावात उतरतो. दर महिन्याला सिल्वी तिथे गुडघाभर पाण्यात उभी राहून बाटल्या भरायची. वनस्पतींचा रकाना मात्र वर्षातून एकदाच, जूनमध्ये. तेव्हा तलावाच्या पश्चिम टोकाला पाण्यावर लांब हिरव्या फिती आडव्या पडलेल्या असतात, विंचरून सोडलेल्या केसांसारख्या. ती त्यांच्याकडे बघायची आणि लिहायची, गवत.

त्या फिती म्हणजे रानतांदूळ हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. खाणीवर तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. दर सप्टेंबरात त्याच टोकाला ती लांब दांड्याने होडी रेटायची आणि होडीत बसून व्हेर्ना इशॅम भात झोडायची. एका काठीने लोंब्या होडीवर वाकवायच्या, दुसरीने हलकेच मारायचं. जोरात मारलं की पुढच्या वर्षीचं बी बिघडतं. व्हेर्ना ओजिब्वे, इथल्या मूळ रहिवाशांपैकी. शाळेच्या बसमध्ये दोघी एका बाकावर बसत, तेव्हापासूनची मैत्री.

व्हेर्नाच्या मावशीची एक शिस्त होती. भात पाण्यावर उभा राहीपर्यंत त्याचं नाव घ्यायचं नाही. आडवा असताना नाव घेतलं तर तो लाजतो आणि उठतच नाही. “जूनमध्ये ते गवत,” मावशी दोघींना दटावायची. “ऑगस्टात बघू काय ते.”

मावशी गेली, शिस्त राहिली. तक्ता भरतानाही सिल्वीचा हात त्याच वळणाने गेला. शिवाय तक्त्यातच म्हटलं होतं, दिसेल तसं.

ती खाणीवर लागली एकवीस वर्षांची असताना. बायकांना घ्यायला नुकतीच सुरुवात झाली होती. तिला डंपर धुवायला लावलं. पहिल्या आठवड्यात कुणीतरी तिच्या कपाटाच्या कडीला मेलेला मासा लटकवला. मासा ताजा होता. तिने तो घरी नेला, तळला आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या खोलीत सगळ्यांसमोर काट्यासकट साफ केला. त्यानंतर कपाटावर काही लटकलं नाही. पुढे ती डंपर चालवायला शिकली. पाठीने संप केला तेव्हा प्रयोगशाळेत गेली, मग पाण्यावर. एकूण छत्तीस वर्षं. निवृत्तीला अठरा महिने उरले होते.

त्या मार्चमध्ये ब्रेंट जेवणाच्या खोलीत आला. पर्यावरण विभागाचा साहेब, वय पस्तीस, बुटांवर कधी चिखल नाही.

अमेरिकेतल्या या मिनेसोटा राज्यात एक जुना कायदा आहे. रानतांदूळ पिकतो त्या पाण्यात लिटरमागे दहा मिलिग्रॅमहून जास्त सल्फेट असू नये. सल्फेट म्हणजे गंधकाचं मीठ; ते वाढलं की भाताची मुळं काळी पडतात. खाणीवर सगळे त्याला नुसतं मीठच म्हणत. हा कायदा बरीच वर्षं फारसा कुणी चालवला नाही. आता चालवा म्हणून ओरड झाली, तसं राजधानीत नवं विधेयक आलं. ज्या तलावात तांदळाची लेखी नोंद आहे तिथेच दहाची मर्यादा. बाकीचे तलाव यादीतून बाद.

सिल्वीच्या बाटल्यांत गेल्या वर्षी एकतीस निघाले होते.

“लिटल हेरॉनची अकरा वर्षांची नोंद आपल्याकडे आहे,” ब्रेंट म्हणाला. “एकदाही तांदूळ नाही. गवत, गवत आणि गवत. आणि ते लिहिणाऱ्या बाई इथेच बसल्या आहेत.”

टेबलं बडवली गेली. युनियनचा अध्यक्ष रूडी मारोल्ट उठून आला आणि त्याने सिल्वीच्या खांद्यावर पंजा ठेवला.

“म्हातारे, अकरा शब्दांत सहाशे नोकऱ्या वाचवल्यास! मी वीस वर्षं भाषणं ठोकतोय, मला एक वाचवता आली नाही.”

“तुझी वाचली ना,” कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले.

“राजधानीत, सेंट पॉलला सुनावणी आहे. बस मी ठरवतो. तू फक्त दोन मिनिटं बोल. जे लिहिलंस तेच.”

सिल्वी हो म्हणाली. हातातली कॉफी गार झाली होती.

हसण्यावारी न्यावं असं ते नव्हतंच. दोन हिवाळ्यांपूर्वी खाण सात महिने थांबली होती. गावातलं हार्डवेअरचं दुकान तेव्हा मिटलं ते मिटलंच. तिचा मुलगा टॉड डाकोटात तेलविहिरीवर गेला, आणि तो परत आला तेव्हा त्याची धाकटी त्याला ओळखेना. मर्यादा लावली तर पाणी गाळायची यंत्रणा बसवावी लागेल, ती परवडणार नाही, मग खाण बंद. असं कंपनी सांगत होती. परवडतं की नाही, हेही कंपनीच सांगत होती.

शनिवारी व्हेर्ना नेहमीसारखी सिल्वीकडे सौनाला, वाफेच्या न्हाणीला आली. दोघी वरच्या फळीवर बसल्या.

“तू लेखिका झालीस म्हणे,” व्हेर्ना म्हणाली.

सिल्वीने तापलेल्या दगडांवर पाणी टाकलं. वाफ उसळली.

“तोंड लपवू नकोस वाफेत. लिहिलंस ना, गवत?”

“मावशीच्या शिस्तीने लिहिलं गं.”

“मावशी कंपनीच्या पगारावर नव्हती.”

“जूनमध्ये तूही गवतच म्हणतेस.”

“मी भाताला म्हणते. तू साहेबाला म्हणालीस. मग सप्टेंबरात माझ्या होडीत काय भरतेस? पेंढा?”

सिल्वीला हसू आलं. व्हेर्नाला आलं नाही.

बाहेर पायरीवर, अंगातून वाफा निघत असताना, व्हेर्नाने कोटाच्या खिशातून वर्तमानपत्राची पुरचुंडी काढली. आत भाताचं एक वाळलेलं रोप होतं. गेल्या सप्टेंबरात पश्चिम टोकाहून उपटलेलं. मुळं काजळीसारखी काळी.

“पूर्वी पांढरी असायची. आठवतात?”

“आठवतात.”

“मग झालं तर.”

व्हेर्ना कॉफीला थांबली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

रविवारी टॉड आला. टोपी न काढता स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

“रूडीने कागद लिहून दिलाय ना? तोच वाच, आई. वर-खाली काही नको.”

“वाचला मी. बरा लिहिलाय. स्पेलिंग सोडून.”

“थट्टा नको. तुझे अठरा महिने उरलेत. माझी अठ्ठावीस वर्षं. ज्याचं मीठ खातो...”

“ते मीठ तलावही खातोय, टॉड.”

तो वळला. मग पायऱ्या उतरून गेला. गाडीचं दार त्याने जोरात लावलं.

बस पहाटे पाचला सुटली. सगळ्यांच्या अंगात युनियनचे निळे शर्ट, सिल्वीच्याही. कुणाच्या तरी बायकोने अक्रोडाची गुंडाळपोळी दिली होती, ती हातोहात फिरली. रूडीने तिला खिडकीची जागा दिली.

समितीच्या खोलीत बोलणाऱ्याच्या समोर एक छोटा दिवा होता. आधी हिरवा, मग पिवळा, मग लाल. मागे निळे शर्ट दाटीने उभे. उजव्या भिंतीशी व्हेर्ना आणि तिच्या गावचे आठ-दहा जण. व्हेर्ना सिल्वीकडे बघत नव्हती.

नाव पुकारलं गेलं. सिल्वीने रूडीचा कागद टेबलावर ठेवला आणि त्यावर चष्मा ठेवला. वाचायचं नसलं की ती चष्मा काढते. रूडीला हे माहीत होतं. त्याने डोळे मिटले.

“मी सिल्वी हौताला. छत्तीस वर्षं खाणीत आहे. तुमच्यासमोर त्या अकरा ओळी आहेत, त्या माझ्या. एकही खोटी नाही. मला जूनमध्ये पाठवतात. जूनमध्ये ते गवत असतं. सप्टेंबरात मला कुणी पाठवत नाही. सप्टेंबरात मी रजा काढून जाते.”

तिने पिशवीतून काचेची बरणी काढली. आत लांब, काळसर दाणे. शेजारी एक चुरगळलेलं कार्ड ठेवलं.

“हे त्याच तलावातलं. आणि हा माझा भात झोडायचा परवाना. तुमच्याच राज्याने दिलाय, दरवर्षी देता. राज्याच्या एका कपाटात लिहिलंय तिथे भात आहे, दुसऱ्या कपाटात लिहिलंय नाही. दोन्ही कपाटं आधी एका खोलीत आणा, मग कायदा करा.”

मागे कुणीतरी खोकलं. एक सदस्य माइककडे वाकले.

“म्हणजे मॅडम, आपण खाणीच्या विरोधात आहात?”

“तुम्ही किती वर्षं खाणीत होतात?”

“मी... नव्हतो.”

“मग खाणीच्या बाजूचं कोण ते मला विचारू नका. माझा बाप त्याच खाणीत मेला. मुलगा आत्ता तिथे आहे, अडीचशे टनी डंपरवर. मला खाण हवी. मला दहाही हवेत. एकतीसचे दहा करायचे तर पाणी गाळावं लागेल, आणि ते गाळायला माणसं लागतील. ती आमच्या गावात आहेत, बसून आहेत. ते कायद्यात लिहा. एकाच्या पोटावर पाय देऊन दुसऱ्याचं भरायचं, हा कायदा नाही. त्याला अक्कल लागत नाही.”

दिवा लाल झाला.

“मॅडम, वेळ संपली.”

“खाणीत लाल दिवा म्हणजे थांबा आणि बघा,” सिल्वी म्हणाली. “तर बघा.”

तिने बरणी तिथेच ठेवली. परवाना उचलला. चष्मा घातला आणि निळ्या शर्टांमधून वाट काढत मागे आली. वाट लगेच झाली, एरवी होत नाही इतकी रुंद.

परतीच्या बसमध्ये तिच्या शेजारची जागा रिकामी राहिली. ती पिशवी मांडीवर घेऊन साडेतीन तास सरळ बसली. मध्ये एकदा रूडी आला आणि वरची दांडी धरून उभा राहिला.

“तुला तिथे कोणी नेलं होतं?”

“तूच.”

“हं,” रूडी म्हणाला आणि पुढे जाऊन बसला.

विधेयक मेलं नाही. पण त्यात एक ओळ घुसली. तांदूळ आहे की नाही याची पाहणी पंधरा ऑगस्टनंतरच करायची. एवढीच. यंत्रणेचं काही नाही, माणसांचं काही नाही. खाण चालू राहिली, वादही. व्हेर्नाने फोन केला.

“एक ओळ गं,” सिल्वी म्हणाली.

“मावशीची ओळ आहे,” व्हेर्ना म्हणाली. “तिला सांगितलं असतं की तू कायद्यात गेलीस, तर म्हणाली असती, लवकर नाव घेतलंत.”

एप्रिलमध्ये ब्रेंटने सिल्वीला बोलावलं. “तुमच्या कामात थोडा बदल,” तो कागदाकडे बघत म्हणाला. पाण्यावरून काढलं. डंपर धुवायला.

“तिथूनच सुरुवात केली होती,” सिल्वी म्हणाली. “नळी अजून तीच आहे का?”

नळी नवी होती, पण जड. जेवणाच्या खोलीत ती मधल्याच टेबलावर बसायची, पूर्वी बसायची त्याच खुर्चीत. बाकीच्या पाच जागा रिकाम्या. दोघाचौघांनी आपल्या खुर्च्या उचलून दुसऱ्या टेबलाला नेल्या. लोक उभ्याने खायचे, पण तिथे बसायचे नाहीत. टॉडही उभ्याने खायचा. तिने कोपऱ्यात जावं अशी सगळ्यांची अपेक्षा होती. ती गेली नाही. मे गेला, जून गेला, जुलै गेला. एकही दिवस खाडा न करता ती मध्ये बसली आणि डबा शेवटपर्यंत खाल्ला.

सप्टेंबरात तिने नेहमीसारखी चार दिवस रजा टाकली. व्हेर्नाने रिवाजाप्रमाणे, भाताचे आभार म्हणून, पाण्यावर चिमूटभर तंबाखू सोडली. सिल्वीने दांडा रोवला. पश्चिम टोकाला भात विरळ होता, पण उभा होता. घरामागे त्यांनी तो कढईत भाजला, कांडला, पाखडला.

पुढच्या सोमवारी सिल्वी एक मोठं भांडं घेऊन कामावर आली. दोन्ही हातांनी उचलावं लागेल एवढं. जेवणाच्या सुट्टीत तिने ते मधल्या टेबलावर ठेवलं आणि झाकण काढलं. रानतांदूळ, अळंबी, कोंबडी, वर भाजलेला कांदा. खोलीभर वास गेला.

कुणी हललं नाही.

“काय आहे ते?” रूडीने लांबूनच विचारलं.

“गवत,” सिल्वी म्हणाली. “खा.”

मग रूडीच्या नाकातून एक आवाज आला. तो हसू दाबत होता, पण जागचा हलला नाही. भिंतीशी उभा असलेला टॉड हलला. त्याने कडेची एक खुर्ची उचलली, मधल्या टेबलाशी आणून ठेवली, बसला आणि ताटली पुढे केली. सिल्वीने वाढलं. त्याने एक घास घेतला. सावकाश चावला.

“मीठ कमी आहे,” तो म्हणाला.

“मुद्दामच,” सिल्वी म्हणाली आणि त्याला आणखी वाढलं.