शेपटीवरचे सात हात

रंगाच्या एका थराला आमच्यात हात म्हणतात. अस्तराचा हात, रंगाचा हात, शेवटचा हात. पिंपरीत बसच्या बॉड्या बांधणाऱ्या एका कारखान्यात मी रंगखात्यात होतो, आणि तिथे माझ्या शेवटच्या हाताला मान होता. स्वतःचं एवढं कौतुक आत्ताच करून घेतो, कारण यापुढे माझ्याबद्दल चांगलं सांगण्यासारखं काही नाही.

माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, दुसऱ्या एका कंपनीत टूलरूमला होते. चिखलीत एका शेतकऱ्याची पत्र्याची शेड भाड्याने घेऊन तिच्यात त्यांनी विमान बांधलं. खेळण्यातलं नव्हे, दोन माणसं बसतील असं खरंखुरं. पोस्टाने मागवलेले नकाशे, मोडीत मिळालेलं इंजिन, लाकडाचा सांगाडा आणि त्यावर ताणून बसवलेलं कापड. नऊ वर्षं लागली. नातेवाइकांत त्यांची यथेच्छ टिंगल व्हायची आणि ती करण्यात मीही मागे नसायचो.

विमान चालवायचा परवाना त्यांनी फ्लाइंग क्लबात शिकून कधीच काढला होता. पण तो टिकवायला दरवर्षी डॉक्टरांकडून पास व्हावं लागे आणि दाजींचा रक्तदाब वाढत चालला होता. त्या वर्षी डॉक्टरांनी सही केली ती कशीबशी, पुढच्या वर्षी आशा धरू नका असं तोंडावर सांगून. म्हणजे उडायचं तर त्याच वर्षात. हे मला माहीत होतं. नव्हतं, असं म्हणायची सोय असती तर किती बरं झालं असतं.

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात दाजी मला म्हणाले, "आता आतली सजावट आणि बाहेरचा रंग तुझ्याकडे. दोन हात दे, बास."

मी हो म्हणालो. पण आमच्या खात्यात कोणी "दोन हात" म्हटलं तर ते कुणी मनावर घेत नसे. पंगतीत पाहुणा "नको, पुरे" म्हणतो ना, तसं ते. वाढणाऱ्याने वाढायचं असतं. दोनावर थांबणारा रंगारी म्हणजे हात आखडता घेणारा. त्यात हे तर बहिणीच्या नवऱ्याचं काम.

काम पुरं होईपर्यंत शेडमध्ये पाऊल टाकायचं नाही, अशी मी दाजींना तंबीच दिली. आतल्या दोन सीटना जाडजूड फोम घातला. त्यावर मरून रेक्झिनची कव्हरं ताईने स्वतः शिवली, कडेला पांढरी पायपिंग लावून. काचेखालच्या फळीला शिसवी छापाचा सनमायका, दाराच्या कडांना पितळी पट्टी. बाहेरून खालचा भाग बाटलीहिरवा, वरचा सायीच्या रंगाचा, आणि मधून एक केशरी पट्टा. तो नाकापाशी सुतासारखा बारीक निघून मागे रुंद होत जाई आणि शेपटीवर त्याचीच घार होई. असं विमान कुणी पाहिलं नसेल, असं मला वाटत होतं. आजही वाटतं.

सगळीकडे मी चार हात दिले. शेपटीला सात. याचं कारण आमच्या धंद्यात आहे. समोरून येणाऱ्या बसचा लोक फक्त नंबर बघतात. तिची पाठ बघतो तो बस चुकलेला माणूस, ती दिसेनाशी होईपर्यंत. म्हणून चांगला रंगारी पाठीवर जीव टाकतो. शेपटीच्या कापडाचं विणकाम रंगातून डोकावत होतं, ते मला खपेना. मी त्यावर लांबी, म्हणजे रंगाआधीचं लुकण, भरली, पॉलिश पेपरने घासली, परत भरली, परत घासली आणि मग रंगावर रंग चढवत गेलो.

दाजींना दाखवलं तेव्हा ते आधी सीटवर बसले, हसले. मग मागे गेले. शेपटीवरून तळवा फिरवला आणि बोटाच्या पेराने टकटक केलं. ताणलेलं कापड ढोलकीसारखं वाजतं. हे फळीसारखं वाजलं.

"किती हात?"

"सात," मी छाती फुगवून म्हणालो.

त्यांनी आणखी एकदा टकटक केलं. मग म्हणाले, "घार छान आलीय." त्याला मी कौतुक समजलो, इतका मी मूर्ख.

तपासणीला सरकारी अधिकारी आला. तिन्ही चाकांखाली तीन वजनकाटे ठेवायचे होते. ते शेडच्या मालकाने चाकणच्या कांदा बाजारातून आणले होते. अधिकाऱ्याने शेपटीखालचा काटा दोनदा बघितला, तेव्हा मालक चिडला. "सायेब, काटा खोटा न्हाई. कालच कांदं तोलल्यात ह्याच्यावं."

काटा खरंच खोटा नव्हता. अधिकारी शांतपणे म्हणाला, "शेपूट फार जड आहे. वर गेल्यावर नाक उचललेलंच राहील आणि विमान दगडासारखं खाली येईल." मी घाईघाईने विचारलं, नाकात शिसं घातलं तर? तो म्हणाला, "एकूण वजनही काठावर आहे. या सीटनी सगळं खाल्लंय."

दाजींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

सीट काढणं सोपं होतं. पण रंग उतरवायला लावलेल्या औषधाने शेपटीचं कापडही विरघळलं, घारीसकट लोंबू लागलं. नवं कापड यायला दिवाळी उलटली. ते ताणून बसेपर्यंत डॉक्टरांची तारीख आली. ताई माझ्या दारात उभी राहून एवढंच म्हणाली, "नाही केली सही." ती रागावली नाही, दाजीही कधी रागावले नाहीत. एकदा तरी त्यांनी मला कचकचीत शिवी हासडायला हवी होती. नऊ वर्षांचं काम मी तीन आठवड्यांत मातीत घातलं, आणि तेही प्रेमाने, हे कुणीतरी मोठ्याने म्हणायला हवं होतं.

काही महिन्यांनी दाजींनी मला शेडवर बोलावलं. शेपटीचं नवं कापड पांढरंफटक होतं. खाली रंगाचे डबे मांडलेले, हिरवा, सायीचा, केशरी. मरून सीट त्यांनी परत बसवल्या होत्या आणि ते एका सीटवर बसले होते.

"रंगवून टाक," ते म्हणाले.

"किती हात देऊ?" मी विचारलं.

"दे हवे तेवढे. आता कुठे वजन करायचंय?"

मी दोनच दिले. घार काढली नाही.