दादाचं कुलूपबंद मशीन

आमच्या घरात तीन खोल्या आहेत आणि त्यातली एक आमची नाही. ती बाबांच्या मशीनची. आई तिला गोदाम म्हणते आणि पाहुणे आले की दार ओढून घेते. आत भिंतींना लागून लोखंडी मांडण्या, आणि मांडण्यांवर बाबांनी आयुष्यभर गोळा केलेले जुने कॉम्प्युटर. कॅसेट लावून चालणारे, टीव्हीला जोडायचे, ताटलीएवढ्या फ्लॉपीचे. शिवाय लाल आकड्यांचे कॅल्क्युलेटर, काचेच्या नळ्यांचे रेडिओ आणि एक प्रिंटर, जो सुरू झाला की खालच्या मजल्यावरची बाई काठीने छत ठोकते.

बाबा वजनकाटे दुरुस्त करायचे. दुकानं, छापखाने, दवाखाने, सगळीकडे त्यांची ये-जा. कुणी मशीन टाकून द्यायला काढलं की बाबांचा हात पुढे. फुकट मिळालं, हे सांगताना त्यांचा चेहरा लग्न ठरल्यासारखा व्हायचा. आई विचारायची, आणि आता हे ठेवणार कुठे, माझ्या डोक्यावर?

त्यांचा एक नियम होता. मशीन घरात आलं की आधी त्याच्या आतली बॅटरी काढायची, मग हातपाय धुवायचे. जुन्या मशीनच्या बोर्डावर बोटाच्या पेराएवढी बॅटरी सोल्डर केलेली असते. मशीन बंद असतानाही तारीख आणि बारीकसारीक गोष्टी त्याला तिच्याच जोरावर लक्षात राहतात. पण म्हातारी झाली की ती गळते आणि तो रस बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा खाऊन टाकतो. एकाच मशीनची बॅटरी बाबांनी कधी काढली नव्हती. ते दादाचं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. सुटे भाग जमवून ते मशीन बाबांनीच त्याच्यासाठी उभं केलं होतं आणि सोल्डर कसं करायचं, हे शेजारी बसवून शिकवलं होतं. आपलं वजनकाटे दुरुस्तीचं दुकान पुढे तोच चालवणार, हेही त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. दादाला स्वयंपाकी व्हायचं होतं. दोघांच्याही नाकावर राग. बाबा म्हणाले, जन्मभर लोकांची भांडी घासशील. दादाने मशीनला पासवर्ड घातला, आता याला हात लावायचा नाही म्हणाला आणि बॅग उचलून दुसऱ्या शहरात निघून गेला. आता तिथल्या हॉटेलात त्याच्या हाताखाली चार माणसं आहेत. फोन आईला करतो. चुकून बाबांनी उचलला तर "आईला द्या," एवढंच. बाबांचंही एवढंच, "अगं, तुझा फोन." नऊ वर्षं बापलेकाचं हेच संभाषण.

आता गंमत अशी की तो पासवर्डही बॅटरीच्याच जोरावर टिकतो. बॅटरी काढली की कुलूप गायब, आणि बाबांना हे तोंडपाठ. तरी दर रविवारी सकाळी ते मशीन सुरू करायचे. मशीन पासवर्ड विचारायचं, बाबा त्याच्यासमोर बसून पेपर वाचायचे आणि जेवायच्या आधी ते बंद करायचे. मला वाटायचं, पासवर्ड ओळखायची खटपट चाललीय. एकदा विचारलं, सापडला का? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मूर्ख मीच.

"शोधतंय कोण?" ते म्हणाले. "चालू राहिलं की बॅटरी भरते. ती संपली तर त्याचं कुलूप जाईल."

मला भयंकर राग आला. एक फोन करायचा सोडून हा माणूस कुलूप जपत बसलाय. रागाबरोबर रडूही आलं. ते मी स्वयंपाकघरात जाऊन आवरलं.

यंदा साफसफाईत त्या बॅटरीच्या पायांशी हिरवट बुरशीसारखं काहीतरी दिसलं. गळायला लागली होती. ठेवली तर मशीन जाणार, काढली तर कुलूप. बाबा आठवडाभर मूग गिळून बसले. मग रविवारी त्यांनी आईचा फोन उचलला आणि स्वतः दादाला लावला. आई हातातलं काम टाकून दारात येऊन उभी राहिली. बाबांना कमी ऐकू येतं म्हणून स्पीकर चालू होता, त्यामुळे आम्हाला चोरून ऐकावं लागलं नाही.

"तुझ्या मशीनची बॅटरी गळतेय," बाबा म्हणाले. "काढावी लागेल. पासवर्ड जाईल. काढू का?"

पलीकडे भांड्यांचा आवाज होता, तो हळूहळू कमी झाला. दादा बाहेर आला असावा.

"आधी दुसरी बॅटरी बाजूने जोडा, मग ही कापा. पासवर्ड जात नाही. तुम्हीच तर शिकवलंय."

"माहीत आहे मला."

"मग मला कशाला विचारताय?"

बाबांनी फोन या हातातून त्या हातात घेतला. "मशीन तुझं आहे. हात लावू नका म्हणाला होतास."

मग दादा म्हणाला, "राहू द्या तसंच. मी येतो."

आणि खरंच आला. अंगाने भरलाय, मनगटावर भाजल्याचे डाग आहेत. आईने रडून घेतलं, बाबांनी जेवलास का विचारलं आणि दोघं गोदामात शिरले. मशीन सुरू झालं, त्याने पासवर्ड विचारला. दादाने एक शब्द टाकला, चुकला. दुसरा टाकला, तोही चुकला. मग त्याची बोटं कीबोर्डवर नुसतीच राहिली.

"बाबा," तो म्हणाला, "मला आठवत नाहीये."

इतके रविवार या माणसाने जे जपलं, त्याची किल्ली कुणाकडेच नव्हती. बाबा त्याच्याकडे बघत राहिले आणि मग हसायला लागले. इतके, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले, आणि पुसून झाले तरी डोळे कोरडे होईनात. शेवटी त्यांनी खिशातून कटर काढून दादापुढे धरला. "काप," म्हणाले.

दादाने मशीन बंद करून बॅटरी कापली, व्हिनेगर लावून बोर्ड स्वच्छ पुसला. बोर्ड वाळेपर्यंत आमची जेवणं झाली. मग त्याने पुन्हा बटण दाबलं. या वेळी पासवर्ड नाही, मशीनने तारीख विचारली. त्याला आता कुठलीच तारीख आठवत नव्हती.

"कुठली टाकू?" दादाने विचारलं.

"आजची टाक," बाबा म्हणाले. "आणि खुर्ची जरा सरकव, मला दिसत नाहीये."