अमेरिकन कवीचा ताप

मेलेल्या माणसाला माझ्या बायकोच्या काकांइतका जपणारा डॉक्टर साऱ्या विलायतेत झाला नसेल. हा मेलेला माणूस म्हणजे एकोणिसाव्या शतकातला एक अमेरिकन कवी, जो खुद्द अमेरिकेतही फारसा कोणाला ठाऊक नाही. काका साउथहॅम्प्टनच्या एका इस्पितळात भूल द्यायचं काम करत आणि उरलेल्या वेळात या कवीचं मराठीत चरित्र लिहीत. दोन्हींचा परिणाम साधारण सारखाच होतो, असं काकूंचं मत होतं. ऑपरेशनआधी पेशंटला धीर यावा म्हणून काका त्याला कवीची जन्मकथा सांगत, आणि कवी शाळेत जायच्या आत पेशंट झोपी जाई. त्यामुळे साउथहॅम्प्टनमध्ये कवीचं बालपण पुष्कळांना माहीत होतं, तारुण्याचा मात्र कोणालाच पत्ता नव्हता.

कवीनं मास्तरकी केली, छापखान्यात खिळे जुळवले, ठरलेलं लग्न मोडलं. त्याचा पहिला संग्रह का खपला नाही, याबद्दल टीकाकार काहीही म्हणोत, काकांनी पत्रिका मांडून शनीला पकडलं होतं. "घाई केली हो यानं! जरा थांबला असता तर गुरुबळ होतं," असं ते शेजारचा मुलगा नापास झाल्यासारखे हळहळत. इथवर लेखन झपाट्यानं झालं. मग कवी आजारी पडला आणि चरित्र थांबलं. एकोणीसशे ऐंशी सालच्या सुमारास त्याला ताप आला. मी जावई होऊन आलो तेव्हाही ताप होता, आणि माझी मुलगी शाळेत जायला लागली तरी तो उतरला नव्हता.

"अहो, मारा की त्याला एकदाचं!" काकू म्हणत. "रिटायरमेंट आली तुमची."

"अगं, टेंपरेचर तरी सेटल होऊ दे त्याचं."

शेवटी एका गणेशोत्सवात लंडनमधल्या हॅरोच्या मराठी मंडळींनी काकांचं भाषण ठेवलं. मीच काका-काकूंना गाडीतून घेऊन गेलो. काकांनी कवीला आजारी पाडलं मात्र, निम्मे श्रोते ताठ बसले. ते डॉक्टर होते.

"चेस्ट एक्स-रे काढला होता का?" एकानं विचारलं.

"छे हो, एक्स-रेचा शोधच लागला नव्हता."

"तेच तर! आयव्ही अँटिबायोटिक्स दिली असती, तर वॉर्डमधून चालत घरी गेला असता!"

डोसवरून दोघा डॉक्टरांत जुंपली. आरतीला उशीर झाला, पण कवी एकमतानं वाचला.

परतताना काका खुशीत होते. "ऐकलंत ना, जावईबापू? कंप्लीट रिकव्हरी!"

मागच्या सीटवरून काकूंनी विचारलं, "अहो, पण खरंच गेला तेव्हा जवळ कोण होतं त्याच्या?"

काकांनी मांडीवरचे भाषणाचे कागद घडी करून खिशात ठेवले. मग म्हणाले, "कोणी नाही गं. भाड्याची खोली. सकाळी मालकीणबाई कॉफी घेऊन आली तेव्हा कळलं. म्हणून तर मला तिथवर जाववत नाही."

रात्री मी त्यांच्याकडेच राहिलो, दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी सकाळी खाली आलो, तर काकूंनी डायनिंग टेबल आवरून काकांशेजारी खुर्ची ओढली होती.

"लिहा," त्या म्हणाल्या. "मी आहे बसलेली."

काका लिहीत राहिले. त्या कवीची एकही ओळ मी तोवर वाचली नव्हती, पुढेही वाचली नाही, पण तेव्हा मला भरून आलं. काकांनी पेन खाली ठेवलं आणि काकूंनी त्यांचा हात हातात घेतला. गणपतीचे दिवस, त्यात जावई घरी, तरी त्या दुपारी काकूंनी गोड केलं नाही.